फावडं फावडंच असते भाऊ, मी कुठं नाही म्हटलं?

भाऊ, तुमची कमेंट डिलीट केली नाही, उलट वर पिन करून ठेवली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दात: "सर, तुम्ही त्या टॉलस्टॉयच्या जमिनीच्या गोष्टीवर एवढं लंबं लिहिलं. फावडं म्हणजे लोभ नं फावडं म्हणजे मरण. अरे बावा, फावडं हे फावडं असते. लेखकाच्या डोक्यात असं काही नसते, तुमच्यासारखे लोकं मागून घुसवतात. आन् एकदा वाचलेली गोष्ट पुन्हा वाचाले टाइम कोणाले हाय, इथं कापूस वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या."

पहिले तं मला सर म्हणू नका, मी कोणत्या कॉलेजात शिकवत नाही, माझंही वावर आहे नं माझ्याही घरी सध्या वेचणीचीच रड चालू आहे. बाकी तुमचं म्हणणं अर्धं मलाही पटते, पण उरलेलं अर्धं असं आहे की त्यावर गप्प बसणं काही जमणार नाही.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉलस्टॉयनं 1886 ला लिहिलेली 'माणसाला किती जमीन लागते?' ही ती गोष्ट. पाहोम नावाचा रशियातला कास्तकार, जमिनीचा भुकेला, थोडी घेतली की अजून पाहिजे, असं करता करता तो बाश्कीर लोकांच्या मुलखात पोचतो. तिथं भाव एकच, दिवसाचे हजार रूबल. सकाळी टेकडीवरून निघायचं, पायी फिरून जेवढी घेरशील तेवढी जमीन तुझी, पण दिवस बुडायच्या आत निघाला तिथंच परत यायचं, नाही आला तं पैसे बुडाले. पाहोम लांब लांब जातो, मग जीव तोडून पळत परत येतो, पोचतोही, आणि पोचल्या जागी पडून मरतो. मग त्याला पुरायला डोक्यापासून टाचेपर्यंत जेवढी लागते तेवढीच जागा लागते.

आता फावडं. फावडं म्हणजे लोभ असं मी लिहिलंच नव्हतं, पुन्हा जाऊन पाहा. मी लिहिलं होतं की फावडं गोष्टीत कुठं कुठं येते ते पाहा. सकाळी तो फावडं घेऊन निघतो, कारण वळणावळणावर खड्डा करून खूण ठेवायची असते. संध्याकाळी पळता पळता जड व्हायला लागते तेव्हा तो कोट फेकतो, बूट फेकतो, पाण्याचं भांडं फेकतो, टोपी फेकतो, फक्त फावडं ठेवतो, टेकायला. आणि शेवटी त्याचा नोकर तेच फावडं उचलून त्याची कबर खोदतो. आता सांगा यात मी काय घुसवलं? 'प्रतीक' हा शब्द पुस्तकी वाटत असेल तं सोडून द्या, मलाही तो फार आवडत नाही, पण अंगावरचं सगळं फेकून देणाऱ्या माणसाच्या हातात टॉलस्टॉयनं नेमकं तेच काहून ठेवलं, हा प्रश्न तं राहतेच नं? टेकायला काठी देता आली असती. 'नोकरानं कबर खोदली' एवढं म्हणूनही भागलं असतं.

आणि हे मला पहिल्या वाचनात अजिबात दिसलं नव्हतं. तेव्हा कॉलेजात होतो, सगळा जीव सूर्याकडे, पोचते का नाही पोचत, पानं कशी उलटली तेही कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचताना शेवट माहीत असतो त्यामुळे घाई नसते, माणूस इकडंतिकडं पाहतो. मग दिसते की आदल्या रात्री पाहोमला स्वप्न पडलेलं आहे, सैतान बसून हसून राहिला आणि त्याच्यासमोर एक माणूस मरून पडला आहे, अनवाणी, अंगात फक्त सदरा नं पायजमा, आणि जवळ जाऊन पाहतो तं तो स्वतःच. आणि दुसऱ्या दिवशी जमीन घेरायला निघाल्यावर थोडं चालून गर्मी होते, तं तो बसतो नं बूट काढतो. एका ओळीत, येताजाता. 'स्वप्न आठवा बरं' असं टॉलस्टॉय सांगायला थांबत नाही. पहिल्या वाचनात ते बूट काढणं म्हणजे बूट काढणंच होतं, तुम्ही म्हणता तसं. दुसऱ्या वेळी त्या ओळीवर मी पुस्तक खाली ठेवलं. बूट तं तेच होते, मी शेवट पाहून आलेलो होतो एवढाच फरक.

अजून एक जागा आहे, ती तं आपल्या लोकांनीच वाचायची. पाहोमची वळायची वेळ झालेली असते, तेवढ्यात समोर एक ओलसर खोलगट जागा दिसते नं त्याला वाटते, हे सोडून कसं जमेल, इथं जवस मस्त होईल. जवस भाऊ! शहरातला वाचक ते वाक्य वाचून पुढं जाते, आपण नाही जाऊ शकत, कारण ओल धरणारा तुकडा पाहिला की आपल्याही डोक्यात पहिले तेच येते. त्याला आपण एकदम लोभी नाही म्हणत, चांगला कास्तकार म्हणतो. तो माणूस मरते ते काही सोन्याच्या हंड्यासाठी नाही, नांगराच्या चार तासांएवढ्या, जवसाच्या लायक तुकड्यासाठी, आणि म्हणूनच मला ती गोष्ट वरवरच्या बोधकथेपेक्षा लय भारी वाटते.

तुमच्या बाजूचा तगडा साक्षीदारही मीच देतो, घ्या. अमेरिकन लेखक हेमिंग्वे. त्याची म्हाताऱ्या कोळ्याची कादंबरी 1952 ला आली, पुलंनी ती 'एका कोळियाने' या नावानं मराठीत आणली. समीक्षक तुटून पडले, मासा म्हणजे हे नं शार्क म्हणजे ते. तं त्यानं त्याच वर्षी बेरेन्सन नावाच्या कलासमीक्षकाला पत्र लिहून सांगून टाकलं की प्रतीक-बितीक काही नाही, समुद्र म्हणजे समुद्र, म्हातारा म्हणजे म्हातारा, बाकी लोक बोलतात ते सगळं... पुढचा शब्द इथं लिहिण्यासारखा नाही. झालं, तुम्ही जिंकले. फक्त हाच माणूस 1954 ला, नोबेल भेटलं त्या वर्षी, असंही म्हणाला होता की मी खरा म्हातारा, खरा पोरगा, खरा समुद्र, खरा मासा करायचा प्रयत्न केला, आणि ते खरे उतरले असतील तं त्यांचे अनेक अर्थ निघतील. म्हणजे फावडं पहिले शंभर टक्के फावडं पाहिजे. दांडा असलेलं, वजन असलेलं. मग पुढचं.

लेखकाच्या डोक्यात नसते म्हणता, तं तेही एकानं विचारून पाहिलेलं आहे. 1963 मधे ब्रूस मॅकॅलिस्टर नावाच्या सोळा वर्षांच्या अमेरिकन पोरानं, वर्गात प्रतीकं शोधायला लावतात म्हणून वैतागून, दीडशे लेखकांना प्रश्न लिहून पाठवले की तुम्ही हे मुद्दाम टाकता का. अर्ध्या जणांनी उत्तरं दिली. त्यातलं आयझॅक असिमोवचं मला फार आवडते, त्याचा मतलब असा की जाणूनबुजून तं बिलकुल नाही, पण नकळत येते त्याला टाळणार कसं? हे आपल्यालेही समजते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडून आलेला माणूस घरी येऊन जेवणात मीठ नाही म्हणून ओरडते, तेव्हा तो मिठाबद्दल बोलून राहिला का?

धुऱ्यावरून आठवलं. पाहोमची ढोरं सुरुवातीला दुसऱ्याच्या जमिनीत शिरतात नं त्याला दंड भरावा लागते, त्याचा जीव जळते. मग त्याची स्वतःची जमीन होते, आणि आता गाववाल्यांची ढोरं त्याच्यात शिरतात, तं हाच माणूस त्यांच्यावर केस करते. ही जागा मी कितीदा तरी नुसती ओलांडून गेलो होतो, कारण मुख्य मजा तं पुढं बाश्कीरांकडे आहे. मग आमच्याच शिवारात मोजणी झाली, आणि ज्यानं आयुष्यभर 'शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास धुरा कोरते' म्हणून पटवाऱ्याकडे चकरा मारल्या त्यानंच दुसऱ्या अंगाचा धुरा किती कोरला होता ते टेप लावल्यावर निघालं. नाव घेत नाही, गाव छोटं आहे. त्यानंतर पाहोमची ती दोन पानं मला गोष्टीचा खरा गाभा वाटायला लागली. आता हे टॉलस्टॉयनं आमच्या शिवारासाठी लिहिलं होतं का? नाही. मी घुसवलं का? तेही नाही, ते पानावर छापलेलंच होतं.

आणि जिथं लेखकच नाही तिथं कोणाला विचारणार? काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. लहानपणी आपण सगळे चिऊच्या बाजूचे, थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब तीट लावते, आणि कावळा बाहेर भिजून राहिला तं आपण हसतो. मागच्या पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन वस्तीतल्या मातीच्या भिंती बसल्या, त्याच आठवड्यात पोरीला ही गोष्ट सांगायला बसलो नं मधेच अडकलो. शेणानं सारवलेलं घर आपलं असते हो. मेणाचं घर कोणाचं असते? ही गोष्ट कोणी पहिल्यांदा सांगितली कोणाला माहीत, त्या बाईच्या मनात काय होतं ते विचारायला आता कोणी नाही. पण घर कोणाचं वाहून गेलं नं दार कोणी लावून ठेवलं, एवढं तं गोष्टीतच आहे.

आता तुमचं जे पटते ते. हे शोधायचं वेड लागलं की माणूस काहीही शोधते. शाळेत 'कवीला यातून काय सुचवायचे आहे' याला चार मार्क असतात, तिथून ही सवय लागते, काही नाही सुचलं तं पांढरा रंग म्हणजे शांती लिहून मोकळं. बाश्कीरांचा मुखिया पैसे ठेवायला जमिनीवर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी ठेवतो, तं मागच्या वेळी एका वाचकानं लिहिलं की कोल्हा म्हणजे धूर्तपणा. मला नाही पटत. ती टोपी म्हणजे पोचायची खूण, तिच्यावर त्याचे पैसे आहेत, शेवटी त्याचे हात तिला लागतात, एवढं काम ती चोख करते, तिला अजून कोल्हेपणा चिकटवून गोष्टीत काय वाढते? माझा हिशेब साधा आहे. एखादी वस्तू काढून टाकली तं गोष्ट लंगडी होते का? फावडं काढा, होते. कोल्हा काढून बकरीचं कातडं ठेवा, काही नाही होत.

अर्थ शोधणं हे इंग्रजी शिकलेल्यांचं खूळ आहे असा तुमच्या बोलण्याचा एक सूर होता, त्याबद्दल एवढंच की महानुभावांचं रिद्धपूर आपल्याच मोर्शी तालुक्यात आहे, आणि त्यांच्या 'दृष्टांतपाठा'त चक्रधरस्वामींच्या गोष्टी केसोबास नावाच्या महानुभाव पंडितानं लावल्या आहेत त्या सूत्र, दृष्टांत नं दार्ष्टांतिक अशा, म्हणजे गोष्टही आहे नं ती कशाला लागू होते तेही. आंधळे नं हत्ती त्यातच आहे. आणि त्याच्याही आधी मम्मट नावाच्या पंडितानं 'काव्यप्रकाश' या काव्यावरच्या संस्कृत ग्रंथात एवढंसं उदाहरण घेतलं, सूर्य मावळला. ऐकणारा जसा तसा अर्थ, गुराख्याला तेच वाक्य म्हणजे गाई घरी घ्या. आपल्या गावात म्हणून पाहा, दिवस बुडाला. सासू म्हणाली तं सुनेनं दिवा लावायचा. जागलीवाल्याला म्हटलं तं त्यानं घोंगडं उचलून वावरात जायचं, रोही, म्हणजे नीलगायी, यायच्या आत. बरं, पाहोम टेकडीच्या पायथ्याशी पोचतो तेव्हा त्याला दिसते की दिवस बुडाला, संपलं सगळं, आणि मग त्याच्या लक्षात येते की टेकडीवरच्या लोकांना सूर्य अजून दिसत असेल. म्हणून तो ती शेवटची धाव घेतो. बुडाला समजून खालीच बसला असता तं हजार रूबल गेले असते, माणूस वाचला असता.

टाइमचं म्हणाल तं ही गोष्ट लंबी नाही, एका बैठकीत होते, जिनिंगवर गाडीचा नंबर लागेपर्यंत मोबाईलवर वाचून होईल. नवीन दहा गोष्टी वाचण्यापेक्षा हीच पुन्हा वाचा असं मी नाही म्हणत, ज्याची त्याची मर्जी. पण वाचली तं सुरुवातीला चुलीमागं लपून बसलेला सैतान नीट पाहा. दोन बहिणी बोलून राहिल्या, पाहोम फुशारकी मारते की जमीन भरपूर असती तं मी सैतानालाही भ्यालो नसतो, आणि सैतान ते ऐकून खूश होते. तुम्हाला भांडायचंच असेल तं फावड्यावर नका भांडू, या सैतानावर भांडा, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. तो तिथं बसून वाचकाला आधीच सांगून टाकते की ही लोभाची गोष्ट आहे बरं का. मला वाटते तो नसता तं गोष्ट अजून जमली असती. टॉलस्टॉयचा तो डोक्यापासून टाचेपर्यंतच्या जागेचा हिशेब चेखॉव या रशियन लेखकालाही पटला नव्हता, 1898 च्या 'गूजबेरी' नावाच्या गोष्टीत त्याचं एक पात्र म्हणते की तेवढीशी जमीन मढ्याला लागते, माणसाला नाही, माणसाला सगळी पृथ्वी लागते. पुढच्या वेळी तीच घेतो, तोपर्यंत तुमचा कापूस घरी आला असेल.