नवी नोकरी, घरचे आजारपण आणि रजेचा अर्ज: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

नोकरीला लागून जेमतेम दोन-तीन महिने झालेल्या माणसाने घरातले गंभीर आजारपण कंपनीपासून लपवू नये, ताबडतोब सांगावे आणि बिनपगारी रजा लेखी मागावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की प्रोबेशनवर असताना रजा मागणे हा नेमणूक देणाऱ्यांचा विश्वासघात आहे. बडोद्यात पैसे दिले की आया मिळते. आणि आपण स्वतः मकरपुऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर असताना वडील अंथरुणाला खिळले, तरी एकही खाडा केला नाहीत.

आपल्या निष्ठेविषयी मला आदर आहे. परंतु त्या दिवसांत वडिलांजवळ कोण होते, हे आपल्या प्रतिक्रियेत आलेले नाही. दांडिया बाजारातल्या तेव्हाच्या बहुतेक मराठी घरांत आई, पत्नी, वहिनी किंवा धाकटी बहीण यांपैकी कोणीतरी रात्रंदिवस आजाऱ्याच्या उशाशी असे, आणि तिच्या वेळेची नोंद कोणत्याच हजेरीपटावर होत नसल्यामुळे घरातल्या कमावत्या पुरुषाला खाडा करावा लागत नसे. आज सून बँकेत आहे, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आहे आणि मुलगा नुकताच नोकरीला लागला आहे. शुश्रूषा पूर्वीइतकीच करावी लागते. फरक एवढाच, की जो कोणी ती करील त्याच्या नावापुढे आता गैरहजेरी लागते.

आयेचा मुद्दा मला अंशतः मान्य आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पक्षाघाताचे उदाहरण घ्या. रोग्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर पाणीसुद्धा जपून पाजावे लागते, कारण ते श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. आणि हातापायांत जी सुधारणा व्हायची, तिचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होत असल्याने फिजिओथेरपी लांबणीवर टाकता येत नाही. हे सगळे आया शिकू शकते, पण तिला शिकवायला, डॉक्टरांचे म्हणणे ऐकून निर्णय घ्यायला आणि संमतीपत्रावर सही करायला घरचे माणूस लागते. ही घडी एकदा बसली की आयेवर जरूर विसंबावे. सुरुवातीच्या त्या दोन-तीन आठवड्यांपुरतीच रजा मी सुचवली होती.

राहिला कायदा. 1948 च्या कारखाने अधिनियमात पगारी वार्षिक रजेसाठी सर्वसाधारणपणे वर्षात 240 दिवस काम झालेले असावे लागे; 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही अट 180 दिवसांवर आणली. कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस, हा हिशेब दोन्हींत सारखाच आहे. म्हणजे कारखान्यातल्या नव्या माणसाच्या खात्यावर अशा वेळी ही रजा जमलेलीच नसते. कर्मचारी राज्य विमा योजनेत कुटुंबीयांवर उपचार होतात, पण आजारपणाचा रोख लाभ विमाधारक स्वतः आजारी असेल तरच मिळतो. आईजवळ थांबल्यामुळे बुडालेला पगार त्यातून भरून निघत नाही. दुसरीकडे, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार सांभाळाची जबाबदारी असलेल्याने वृद्ध आईवडिलांना वाऱ्यावर सोडले, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कर्तव्याला शिक्षेचा धाक आहे आणि ते पार पाडायला हक्काची वेगळी रजा नाही, ही स्थिती मला अन्यायाची वाटते. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2024 पासून, ज्याच्यावर अशा आप्ताची जबाबदारी आहे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वर्षाला एक आठवड्याची रजा, बिनपगारी का होईना, मागण्याचा हक्क आहे. तेव्हा नव्या माणसाने असे काही मागणेच गैर, हे मला पटत नाही.

आपल्याकडे तो हक्क नसल्यामुळे सगळी भिस्त अर्जावर राहते, आणि म्हणूनच तो मोघम असू नये. कोण आजारी आहे, सोबत डॉक्टरांचा कोणता कागद जोडला आहे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रजा हवी आहे, हातातले काम कोणाला समजावून दिले आहे, हे त्यात स्पष्ट लिहावे. रजेच्या दिवसांइतका प्रोबेशनचा काळ वाढवण्यास आपली हरकत नाही, हेही स्वतःहून लिहावे. सहकाऱ्यांवर भार पडतो, ही आपली तक्रार रास्त आहे. पण परतण्याची तारीख ठाऊक असली की शिफ्ट लावता येतात. जो मुलगा भीतीपोटी आज ताप आला, उद्या गाडी बंद पडली असे सांगत राहतो आणि शेवटी राजीनामा न देताच यायचा थांबतो, त्याच्यामुळे होणारी अडचण कितीतरी मोठी असते, आणि विश्वासघात म्हणायचाच तर तो हा आहे.

आपण माणसे हाताळली आहेत, म्हणून एक विचारतो. असा तारखांसह लिहिलेला, कागद जोडलेला अर्ज नव्या मुलाने आपल्या टेबलावर ठेवला असता, तर त्यात आपल्याला आणखी काय लिहिलेले हवे होते? ते कळवलेत, तर इथे येणाऱ्या तरुण वाचकांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.