उन्हाळा आला म्हणून ट्रॉलीच्या चाकातली हवा सोडू नका

शिवरात्र झाली, ऊन चढायला लागलं, की आमच्या निपाणी-चिकोडी भागातल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या फोनवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवशी चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: 'ऊन वाढले आहे. ट्रॉलीच्या चाकात नेहमीपेक्षा दहा-पंधरा पॉइंट हवा कमी ठेवा. तापल्यावर हवा फुगते आणि टायर फुटतो. टायरवर छापलेला आकडा हा फुटण्याचा आकडा आहे, आणि तोही थंड देशातला. वाटेत टायर गरम लागला तर थोडी हवा सोडा. शक्य असेल तर नायट्रोजन भरा, तो फुगत नाही. भरलेली असो की मोकळी, हवा एकच ठेवा. पुढे पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल.'

पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. मी बावीस हंगाम उसाची वाहतूक करतोय, दोन ट्रॉल्या माझ्या स्वतःच्या आहेत. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहितो.

'तापल्यावर हवा फुगते आणि टायर फुटतो.' यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. पण वाढतो किती? माझ्या ट्रॉलीला, माझ्या वजनाला, 75 पॉइंट (पॉइंट म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) हवा लागते. पहाटे 20 अंशाला 75 भरली आणि दुपारी चाकातली हवा 60 अंशांपर्यंत तापली, तर काटा साधारण 87 दाखवेल. म्हणजे वाढ बारा पॉइंटची. टायर बनवणाऱ्याला हे आधीच माहीत असतं. तो जो आकडा देतो तो थंड टायरचा असतो आणि चालताना होणारी ही वाढ त्यात धरलेली असते. चांगला टायर बारा पॉइंटच्या वाढीने फुटत नाही.

मग उन्हाळ्यात टायर फुटतात ते कशाने? ज्या उष्णतेला आपण भितो ती सगळी उन्हातून येत नाही, बरीचशी टायरच्या आतच तयार होते. चाकाचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो, वर गेला की सरळ होतो. एका फेऱ्यात एकदा, किलोमीटरमागे शेकडो वेळा. तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलं की वाकलेल्या जागी ती गरम होते आणि शेवटी तुटते, तसंच हे. हवा पुरेशी असेल तर बाजूची भिंत थोडीच वाकते. हवा कमी असेल तर ती दर फेऱ्याला खोल वाकते, रबर तापतं, रबर आणि आतल्या नायलॉनच्या धाग्यांची पकड सुटायला लागते. धागे सुटले की मग साठ पॉइंटलाही टायर जातो. वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा काढली की ते वजन भिंतीवर येतं.

आता मेसेजप्रमाणे पंधरा पॉइंट कमी करून बघा. 60 भरली, तीच 60 अंशांपर्यंत तापली, तर काटा 70 दाखवेल. म्हणजे भर उन्हात तापूनसुद्धा थंड टायरला जेवढी हवा लागते तेवढीही तिथे नाही. आणि कमी हवेमुळे टायर जास्त तापणार ते वेगळंच.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या हंगामात एका दुपारी, कोगनोळीच्या बाजूच्या एका रानातून भरून निघालो. कारखान्याच्या रांगेत लागल्यावर सवयीने चाकांवरून हात फिरवला. तीन चाकं कोमट होती. डाव्या बाजूच्या मागच्या चाकाला तळवा टेकवून धरता येईना. ट्रॉलीवर नवीन पोरगा होता, गुणी पोरगा. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "आण्णा, ऊन लई हाय म्हणून मीच सोडली हवा. एकाच चाकाची सोडली, तवर तुम्ही हाक मारलासा." गेज लावलं तर उरलेली तीन चाकं पंच्याऐंशीच्या आसपास होती आणि हे बावन्न. पंक्चरवाल्याकडे नेऊन टायर उतरवला. ट्यूब बाहेर काढली तेव्हा आतून मूठभर काळा भुसा खाली पडला, बारीक, चहाच्या पावडरसारखा. भिंतीच्या आतल्या बाजूला गोल फिरत गेलेली एक सुरकुती होती. तो भुसा म्हणजे टायरच्या आतलं रबर, वाकून वाकून, ट्यूबवर घासून दळलेलं. पंक्चरवाला सुरकुतीवर अंगठा दाबत म्हणाला, "ह्यो आता पोत्यात घाला आण्णा, रोडवर नको." वरून टायर नवा दिसत होता, नक्षी सगळी शाबूत होती. त्याच दिवशी अजून दहा-पंधरा किलोमीटर गेलो असतो तर तो तवंदी घाटात गेला असता, आणि मागे दुसरी ट्रॉली जोडलेली होती.

त्या पोराला मी बोललो नाही. त्याने मेसेजवर विश्वास ठेवला होता. माझा राग त्या मेसेजवर आहे, आणि हे लिहायला बसलो तेही त्यामुळेच.

'आकडा थंड देशातला.' हा मुद्दा ऐकायला पटतो, पण खोटा आहे. भारतात टायरचं माप, वजन आणि हवेची कोष्टकं इंडियन टायर टेक्निकल अ‍ॅडव्हायझरी कमिटी काढते. आणि उष्ण भागात हवा कमी ठेवल्याने काय होतं याचा एक मोठा दाखला थेट अमेरिकेतला आहे. 2000 साली फायरस्टोन कंपनीने तिथे सुमारे 65 लाख टायर परत मागवले. बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला बसवलेले होते. नक्षीचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या, दोनशेहून जास्त माणसं गेली. फोर्डने त्या गाडीला 26 पॉइंट हवा सांगितली होती, फायरस्टोनचं म्हणणं 30 हवी होती. टायरच्या बनावटीत दोष होता की गाडीत, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या, दोष एकट्या हवेचा नव्हता. पण कमी हवा, भरपूर वजन आणि तापलेला रस्ता एकत्र आले की टायरचं काय होतं हे सगळ्यांना दिसलं. जास्त घटना टेक्सास, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया अशा उष्ण राज्यांतल्या होत्या. त्यानंतर तिथे नवा कायदा आला आणि हवा कमी झाली की चालकाला दिवा लावून सांगणारी यंत्रणा गाड्यांना सक्तीची झाली. इशारा कमी हवेचाच द्यायचं ठरलं, वाढलेल्या हवेचा नाही.

'छापलेला आकडा म्हणजे फुटण्याचा आकडा.' नाही. टायरच्या भिंतीवर वजन आणि दाब जोडीने छापलेले असतात. त्याचा अर्थ असा की हे जास्तीत जास्त वजन उचलायचं असेल तर थंड टायरमध्ये एवढा दाब हवा. फुटण्याचा दाब त्याच्या कितीतरी पुढे असतो. मोटारीला हा आकडा भरायचा नसतो, तिचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर असतो आणि तो बराच कमी असतो, कारण मोटारीचे टायर तिच्या वजनाच्या मानाने मोठे दिलेले असतात. मागे ओढायच्या गाड्यांचं तसं नसतं. अमेरिकेत लोक संसारासकट जे फिरते घर गाडीमागे ओढतात, त्यांच्या टायरला वजनाची फारशी सूट नसते, म्हणून त्यांच्या पट्टीवरचा आकडा बऱ्याचदा भिंतीवरच्या आकड्याएवढाच असतो. आपल्या उसाच्या ट्रॉलीची अवस्था त्याहून अवघड, कारण आपण वजन छापल्यापेक्षाही वर नेतो. आणि टायरवर 16 पीआर (प्लाय रेटिंग) लिहिलंय म्हणून आत सोळा थर आहेत असं कोणी समजू नये. ती ताकदीची प्रतवारी आहे.

आपल्या चाकावर किती वजन येतं हे कळायला आपल्याकडे सोय आहे, ती फार थोडे लोक वापरतात. कारखान्याच्या काट्याची पावती. चार चाकी ट्रॉलीचं भरलेलं वजन घ्या, चाराने भागा. भरताना ऊस एका बाजूला झुकला असेल तर त्या बाजूला अजून थोडं धरा. तो आकडा टायरवर छापलेल्या वजनाच्या वर जात असेल तर कितीही हवा भरून उपयोग नाही, ऊसच कमी भरावा लागेल. टनावर पैसे मिळतात, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहितो.

'टायर गरम लागला तर हवा सोडा.' हे सगळ्यात घातक. गरम टायरमध्ये हवा जास्त दिसणारच. ती सोडून 75 केली तर पहाटे थंड झाल्यावर साठीच्या घरात येते आणि दुसरा दिवस त्याच हवेवर सुरू होतो. मोजायची ती सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथे हवा कमी आहे, बेअरिंग धरलंय किंवा ब्रेक चिकटलाय. थांबून ते बघावं. पान्याने ठोकून आवाजावरून कळतं म्हणणारे माझ्या ओळखीत जुने-जाणते आहेत, मला त्यांचा आदर आहे. पण ठोकून फक्त बसलेलं चाक कळतं, साठ आणि पंच्याहत्तर ओळखू येत नाही. गेज चारपाचशेला मिळतं.

नायट्रोजनबद्दल दोनच ओळी. आपण भरतो त्या साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्ही सारखेच वाढतात. नुसत्या नायट्रोजनमध्ये ओल नसते आणि तो जरा सावकाश गळतो, एवढाच फरक. भरायचा तर भरा, मोजणं सुटत नाही.

आता ही समजूत आली कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं ती रानातून आली. नांगरटीला, चिखलणीला ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात हवा कमी ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. चाक पसरतं, पकड मिळते, माती कमी दबते. अथणी-रायबागच्या काळ्या रानात तर त्याशिवाय चालत नाही. पण ती मऊ माती, तो संथ वेग, आणि चाकावर फक्त ट्रॅक्टरचं वजन. तोच नियम भरलेल्या ट्रॉलीला लावून ती डांबरी रस्त्यावर आणायची, इथे चूक होते.

राहिलं 'भरलेली असो की मोकळी, हवा एकच'. माघात चिंचलीच्या मायाक्काला किंवा सौंदत्तीच्या डोंगराला जत्रेला जाताना ट्रॉलीत भांडी, सरपण, ताडपत्री, शिधा आणि बैलांची वैरण एवढंच असतं. उसाच्या निम्मंही वजन नाही. त्या वेळी 75 ठेवली तर ट्रॉली खड्ड्याखड्ड्याला उडते, नक्षी मधोमध झिजते, ब्रेक मारला की चाक घसटतं. तेव्हा हवा जरूर कमी करावी, पण वजन कमी आहे म्हणून, आणि टायरवाल्याकडचा वजन-हवेचा तक्ता बघून, गेजने मोजून. मात्र जत्रेहून परत आल्यावर, पुन्हा उसाला ट्रॉली लावायच्या आधी, ती हवा भरायला विसरू नये. आमच्याकडे आता ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय. त्यावर उसाचा आकडा आणि जत्रेचा आकडा, दोन्ही खडूने लिहिलेत. पहाटे निघताना गेज तोच पोरगा लावतो.