अ‍ॅनोड म्हणजे कायम प्लस? नाही हो!

बारावीच्या पोरांच्या ग्रुपवर एक ट्रिक फिरतेय, मलाच चार जणांनी पाठवली: "अ‍ॅनोड कायम प्लस, कॅथोड कायम मायनस, मराठी नावातच धन-ऋण आहे. अ‍ॅनायन मायनस असतात म्हणून प्लसकडे पळतात. बॅटरी असो की इलेक्ट्रोलिसिस, नियम एकच." पाठ करायला मस्त आहे, पण निम्म्या गणितांत मार्क घालवणार.

आधी नावाचं. अ‍ॅनोडला धनाग्र, कॅथोडला ऋणाग्र हे आपण पाडलेले शब्द. मूळ अ‍ॅनोड-कॅथोड फॅरेडेने १८३४ मध्ये वापरले, ग्रीकवरून, अर्थ काय तर वर जायची वाट आणि खाली जायची वाट, त्यात प्लस-मायनसचा पत्ताच नाही. शाळेत आपण विद्युत अपघटन (म्हणजे इलेक्ट्रोलिसिस, बाहेरून वीज देऊन रासायनिक बदल घडवणं) शिकतो, तिथे धनाग्र खरंच प्लसला जोडलेलं असतं, तांबं शुद्ध करताना अशुद्ध तांब्याची जाड पट्टी असते ना तेच, म्हणून शब्द फिट बसतो आणि मग डोक्यातून जात नाही.

आता डॅनियल सेल घ्या, म्हणजे जस्त आणि तांब्याच्या पट्ट्यांची साधी बॅटरी. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणजे ऑक्सिडेशन तिथे, म्हणजे जस्तच अ‍ॅनोड, आणि ते इलेक्ट्रॉन तिथूनच वायरमध्ये शिरतात म्हणून टर्मिनल मायनस. खात्री करायचीय तर मल्टीमीटरची काळी वायर जस्ताला आणि लाल तांब्याला लावा, साधारण १.१ व्होल्ट सरळ प्लसमध्ये दिसतात.

अ‍ॅनायन अ‍ॅनोडकडे जातात हे मात्र दोन्हीकडे खरंय, फक्त कारण चुकवलंय. इथे मायनस टर्मिनल असूनही सॉल्ट ब्रिजमधले (दोन्ही बाजूंची द्रावणं जोडणारा क्षाराचा पूल) अ‍ॅनायन जस्ताकडेच येतात, कारण जस्त विरघळून त्या बाजूला धन आयन वाढत असतात, तो तोल सांभाळायला.

राहिला "नियम एकच". एकच आहे, पण हा नव्हे. ऑक्सिडेशन जिथे तो अ‍ॅनोड, रिडक्शन (म्हणजे इलेक्ट्रॉन घेणं) जिथे तो कॅथोड, बास. घरातली इन्व्हर्टरची बॅटरी बघा: लाइट गेली की मायनसची शिशाची प्लेट ऑक्सिडाइझ होते, म्हणजे अ‍ॅनोड. लाइट आली, चार्जिंग सुरू झालं की त्याच प्लेटवर लेड सल्फेटचं परत शिसं होतं, म्हणजे आता ती कॅथोड. टर्मिनल दोन्ही वेळा मायनसच, काळी वायर कोणी बदलायला जात नाही. मग ट्रिकवाल्याने सांगावं, लाइट गेल्यावर ती प्लेट कोण?