'खिडकीतून पाहिलेला घाट' : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मॉडेल रेल्वेसाठी उभारलेल्या कसारा घाटाच्या देखाव्यावरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे : मातीसाठी वापरलेल्या चहाच्या चोथ्याला बुरशी येते, चढ फार उभा आहे, बोगद्याचे तोंड प्रमाणाबाहेर उंच आहे, आणि कातळातला तांबडा पट्टा पाहता "हा घाट गाडीच्या खिडकीतून पाहिलेला दिसतो, घाटात पाय ठेवून नव्हे."

चोथ्याचे मला मान्य आहे. गेल्या जुलैत बोगद्याच्या डाव्या अंगाला रुपयाएवढा पांढरा डाग उठला होता. चोथा दोन दिवस उन्हात वाळवला होता, तो तव्यावर कोरडा भाजून घ्यायला हवा होता.

खिडकीबद्दलचे वाक्य मात्र मी सोडून देऊ शकत नाही. माझे वडील बँकर इंजिनावर, म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, होते आणि माझ्या आयुष्याची पहिली सोळा वर्षे इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेली. कसाऱ्याला गाडीच्या मागे लागलेली इंजिने वर इगतपुरीला सुटत, आणि त्यांच्या भोंग्यावर आमच्या घरी आई भात लावत असे. घाटातल्या वाड्यांवरची मुले माझ्या वर्गात होती. त्यांच्या घरी मी पायवाटेने जात असे आणि भर पावसात, निसरड्या कातळाला धरून परत येत असे. ज्या माणसाची आपल्याला काहीच माहिती नाही, त्याने काय पाहिले आणि काय नाही हे एका वाक्यात ठरवून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? रंग चुकला असे आपण म्हणाला असतात, तर मी ते विद्यार्थ्यासारखे ऐकले असते.

आणि तो रंग चुकलेला नाही. सह्याद्रीचा हा काळा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला आहे. दोन थरांच्या मधल्या काळात खालच्या थराचा पृष्ठभाग झिजून त्याची माती झाली आणि पुढचा लाव्हा तिच्यावर पसरला, म्हणून काळ्या कातळात आडव्या तांबड्या पट्ट्या दिसतात. मी थर्माकोलच्या पायऱ्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिस चढवले, ते ओलसर असतानाच सुरीने आडव्या भेगा पाडल्या, काळा रंग पाण्यासारखा पातळ करून भेगांत उतरू दिला आणि कडांवरून जवळपास कोरडा करडा ब्रश फिरवला. तांबडा पट्टा चार मिलिमीटरचा आहे. १:८७ या प्रमाणात तो प्रत्यक्षातला फूटभर होतो. त्याची छटा जुळेपर्यंत मी गेरू आणि काव तीनदा नव्याने कालवली. धावत्या गाडीच्या खिडकीतून इतके दिसत असेल, तर आपली नजर माझ्यापेक्षा तेज आहे.

चढाबद्दल एवढेच सांगतो. प्रत्यक्षात तो १ ला ३७ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, हे मला लहानपणापासून पाठ आहे. कसारा ते इगतपुरी हे सुमारे १५ किलोमीटरचे अंतर १:८७ ने उभारायचे, तर १७० मीटरहून लांब खोली लागेल आणि इगतपुरीचा फलाट छताच्याही वर जाईल. नाशिकरोडला माझ्या गच्चीवरची खोली १२ फुटांची आहे. तेवढ्या लांबीत १ ला ३७ ने रूळ जेमतेम चार इंच चढतो, आणि खालच्या रुळावरून पूल न्यायचा तर त्या पुलाची जाडी आणि खालची ओव्हरहेड वायर त्यातच बसवावी लागते. म्हणून मी १ ला २५ ठेवला, आणि लेखात तसे लिहिलेही होते. बोगद्याचे तोंडही वायरीसाठीच उंच आहे. त्यावर अधिक लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

चोथा खरवडून काढला आहे. त्या जागी विटेची चाळलेली भुकटी पसरून, फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब मिसळून ते मिश्रण तिच्यावर ड्रॉपरने सोडले आहे. तांबडा पट्टा आहे तसाच राहील.

आपला,
लेखक