कवडीचे मुके घेणारा

परवा शाम्पूच्या संपलेल्या बाटलीत पाणी घालून खळखळवत होतो, तर लेक म्हणाली, "बाबा, किती चिंगूस आहेस रे!" शाम्पू आणखी दोन दिवस पुरला. शब्द मात्र डोक्यात अडकून बसला.

कंजूष, चिक्कू, चिकट, चिंगूस, कृपण, कद्रू... या बाबतीत मराठीने अगदी सढळ हाताने शब्द दिलेत. त्यातला माझा लाडका कवडीचुंबक. बरेच जण त्याचा अर्थ 'कवड्या ओढून घेणारा लोहचुंबक' असा लावतात. अहो, कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचं कवच! ती लोहचुंबकाला कशी चिकटेल? संस्कृतात चुंबक म्हणजे चुंबन घेणारा, आणि लोखंडाला जाऊन बिलगतो म्हणून तो दगडही चुंबक. म्हणजे कवडीचुंबक हा कवडीचे मुके घेणारा, असं मी तरी समजतो. कवड्या एकेकाळी खरंच चलनात होत्या, तेही अगदी तळाचं चलन. म्हणून तर 'कवडीमोल', म्हणून 'फुटकी कवडी'. रुपयावर कुणीही प्रेम करेल हो. कवडीवर जीव जडायला वेगळं काळीज लागतं!

कृपणची गंमत निराळी. गीतेत 'कृपणाः फलहेतवः' येतं, तिथे कृपण म्हणजे चिक्कू नव्हे. बिचारा, कीव करावी असा. पैसे असून खर्चवत नाहीत त्याला हाच शब्द लागावा, यात जुन्यांची नजर दिसते.

पण आपण हे सगळे शब्द एकाच मापाने वापरतो, ते मला पटत नाही. बाटलीत पाणी घालणं ही काटकसर. फार तर चिंगूसपणा म्हणा, त्यात नुकसान झालंच तर माझ्याच केसांचं. कद्रू हे प्रकरण वेगळं आहे. आमच्या जुन्या सोसायटीत एक गृहस्थ होते. स्वतःला दर दिवाळीला नवा सूट, हॉटेलात हात अजिबात आखडता नाही. पण कामवाल्या मावशींनी एक खाडा केला की पगार कापलाच. कुणाच्या मुलाला दहावीत नव्वद टक्के पडले, तर पेढा तोंडात टाकत म्हणायचे, "हल्ली मार्क वाटतातच." कौतुकाला दमडी पडत नाही, तरी तेही त्यांच्या हातून सुटत नसे.

लेकीला म्हटलं, चिंगूस म्हण हवं तेवढं. कद्रू म्हणालीस तर मात्र वाईट वाटेल.