‘मिशनच्या जहाजावर किडन्या काढतात’ हा मेसेज खोटा आहे आणि घातकही
सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर ‘सावधान! नर्सिंग केलेल्या मुलींच्या पालकांनी वाचा’, खाली मुद्दे. मिशनरी लोक मोफत ऑपरेशनच्या नावाखाली आफ्रिकेत जहाज नेतात आणि गरिबांच्या किडन्या काढून विकतात. ख्रिस्ती व्हायच्या कागदावर सही केल्याशिवाय पेशंटला हात लावत नाहीत. न शिकलेली पोरं तिथे डॉक्टर म्हणून मिरवतात. इथल्या मुलींना लाखो रुपयांचं आमिष दाखवून नेतात. आणि शेवटी नेहमीचं: आपल्याकडे गरीब कमी आहेत का?

मी सांगलीत ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स आहे. हा मेसेज मला पाठवला तो आमच्या एका ज्युनिअर सिस्टरच्या वडिलांनी, ‘हे खरं आहे का हो?’ असं विचारून. मुलगी मिरजेची, घर चर्चला जाणारं, वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशाच्या फ्रीटाऊन बंदरात ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती संस्थेचं ‘ग्लोबल मर्सी’ नावाचं रुग्णालय-जहाज लागतं, तिथे स्वयंसेवक म्हणून जायचं तिनं ठरवलंय. काका दूध आणायला बाहेर पडले तर गल्लीतल्या एकानं विचारलं, ‘पोरीला किती मिळाले?’ घरी येऊन त्यांनी तिला फॉर्म मागे घ्यायला सांगितलं. म्हणून हे लिहितेय. मला आता गप्प बसवत नाही.

किडनीचं आधी घेते. किडनी म्हणजे झाडावरचा आंबा नव्हे, तोडला आणि पेटीत घातला. रक्तगट जुळावा लागतो, क्रॉसमॅच म्हणजे देणाऱ्या-घेणाऱ्याच्या रक्ताची जुळणी तपासावी लागते, घेणारा पेशंट तयार असावा लागतो. काढलेली किडनी बर्फात ठेवली तरी साधारण दीड दिवसाच्या आत बसवावी लागते. पुढे आयसीयू, आयुष्यभराच्या गोळ्या. हे सगळं बंदरात उभ्या जहाजावरून, साठाहून जास्त देशांतून आलेल्या आणि एकमेकांना पहिल्यांदाच भेटणाऱ्या माणसांच्या देखत गुपचूप करायचं? ओटीत टाके घालायच्या आधी स्क्रब सिस्टर आणि फ्लोअर सिस्टर मोठ्यानं मॉप म्हणजे रक्त टिपायचे तुकडे मोजतात, सुया मोजतात. एक मॉप कमी भरला तर सर्जन पोट बंद करत नाही, सगळे खाली वाकून शोधतात. जिथे कापसाच्या एका तुकड्याचा हिशोब लागतो तिथे किडनी नाहीशी होते आणि कुणाला कळत नाही, हे ओटी कधी न पाहिलेल्या माणसानंच लिहावं.

या जहाजावर काय होतं ते सांगते. दुभंगलेले ओठ आणि टाळू, चेहऱ्यावरच्या भल्यामोठ्या गाठी, गलगंड, हर्निया, भाजून आखडलेले हातपाय, मुलांचे वाकडे पाय, मोतीबिंदू. गाठ काढली जाते हे खरं. आपल्याकडेही काढलेलं पित्ताशय ट्रेमध्ये घेऊन ओटीच्या दाराशी नातेवाइकांना दाखवतात, मग ते फॉर्मॅलिनच्या बरणीत नाव-नंबर लावून तपासायला जातं. म्हणून कुणी आपल्या सर्जनला अवयवचोर म्हणत नाही.

हा मुद्दा नुसता हास्यास्पद असता तर सोडून दिला असता. पण याच सिएरा लिओनमध्ये २०१४ साली एबोलाची साथ असताना, केनेमाच्या सरकारी रुग्णालयात माणसं मारून खातात अशी आवई उठली आणि जमाव रुग्णालयावर चालून गेला. शेजारच्या गिनी देशात वोमे गावी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातली आठ माणसं मारली गेली. लांबचं वाटतं? सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या जत तालुक्यात, लवंग्याला, पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी बदडलं. त्यांनी फक्त रस्ता विचारला होता. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला याच संशयावरून पाच जणांचा जीव गेला. हे माहीत असताना ‘किडन्या काढतात’ असं लिहिलेला मेसेज एखाद्या मुलीच्या घराच्या पत्त्यापर्यंत पोचवायचा, याला निष्काळजीपणा म्हणणंही कमीच.

धर्मांतराचा मुद्दा. इथे एक गोष्ट मान्य करते. मिशन हे मिशन असतं. वॉर्डात प्रार्थना होते, आपला धर्म लोकांना आवडावा अशी त्यांची इच्छा असते, ती ते लपवतही नाहीत. कुणाला ते खटकलं तर मी भांडणार नाही. पण ‘सही केल्याशिवाय हात लावत नाहीत’ हे वेगळं विधान आहे आणि ते खोटं आहे. सिएरा लिओन बहुसंख्य मुसलमानांचा देश. त्याआधी हे जहाज होतं सेनेगलच्या डाकारला, तिथे तर ख्रिस्ती मूठभरच. दोन्हीकडच्या सरकारांनीच त्यांना बोलावलं होतं. जहाजावर उपचार फुकट असतात आणि धर्म न पाहता मिळतात.

आणि हा प्रश्न मिरजेनं विचारावा? डॉ. विल्यम वॉन्लेस परदेशातून मिशनरी म्हणूनच इथे आले आणि १८९४ मध्ये त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. कुष्ठरोग्यांना लोक दारात उभं करत नव्हते तेव्हा त्यांच्यासाठी जागा केली, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. वॉन्लेसवाडी हे नाव आपण रोज बसमध्ये घेतो. मिरजेला वैद्यकपंढरी म्हणतात त्यातला मोठा वाटा त्या कामाचा आहे. इतकी वर्षं हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत सगळे तिथे गेले, बरे होऊन आपापल्या देवाला नारळ फोडायला गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्कासुद्धा नाहीत.

न शिकलेल्या लोकांचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. युगांडात जिंजा इथे रेने बाख नावाच्या अमेरिकन मिशनरी बाईनं वैद्यकीय शिक्षण नसताना कुपोषित मुलांचं केंद्र चालवलं. तिथे दाखल झालेल्यांपैकी शंभराहून जास्त मुलं दगावली. २०१९ मध्ये दोन मुलांच्या आयांनी तिला कोर्टात खेचलं, २०२० मध्ये तडजोड झाली, संस्थेनं दोष कबूल केला नाही. असल्या केंद्रांवर आणि सुट्टीत स्टेथोस्कोप गळ्यात घालून फोटो काढायला जाणाऱ्यांवर जरूर तुटून पडा, मीही येते. पण म्हणून रजिस्ट्रेशन असलेल्या, रोज ओटीत उभं राहणाऱ्या सिस्टरला त्यांच्या रांगेत बसवू नका. ग्लोबल मर्सीवर नर्स म्हणून जायला लायसन्स आणि अनुभव दोन्ही लागतात. तिथल्या डॉक्टर-नर्सना, भूल देणाऱ्यांना शिकवणं हाही त्यांच्या कामाचा भाग आहे.

पैशाचं एका ओळीत सांगते: पगार नाही, उलट विमानाचं भाडं स्वयंसेवकच भरतो. ही मुलगी त्यासाठी पगारातून भिशी लावून पैसे जमवतेय.

राहिलं ‘आपल्याकडे गरीब कमी आहेत का’. नाहीत कमी, जतला जाऊन बघा. ती वर्षभर त्यांचंच ड्रेसिंग करते. पण २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगानं मोजून सांगितलं की जगातल्या पाच अब्ज माणसांना गरजेचं ऑपरेशन सुरक्षित आणि परवडेल असं मिळत नाही. वर्षाला एकतीस कोटींच्या वर ऑपरेशनं होतात, त्यातली सहा टक्केच जगातल्या सगळ्यात गरीब तिसऱ्या हिश्श्याच्या वाट्याला येतात. त्या पाच अब्जांत आपलेही आहेत, फ्रीटाऊनचेही. एकाला हात दिला म्हणून दुसऱ्याचं काढून घेतलं असं होत नाही.

काकांना मी फोनवर हे सगळं सांगितलंय. किडनीची भीती गेली, गल्लीतल्या लोकांची गेलेली नाही. म्हणून ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांना सांगणं एवढंच: जिथे जिथे टाकलात तिथे तिथे तो खोटा होता असं आपल्या नावानं लिहा. फॉर्मची मुदत संपायच्या आत लिहा.