पुणं बशीत नाही, आणि पूर फक्त धरणातून येत नाही

दर पावसाळ्यात एक लांबलचक मेसेज पुण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतो. त्याचा सारांश असा: पुणं हे जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात, बशीसारख्या खड्ड्यात वसलंय, म्हणून इथे हवा कोंडते. पूर्वी पुण्यानं तापमानाची चाळिशी कधी पाहिली नव्हती. शहरात पाऊस नसताना पूर येतो, म्हणजे तो माणसानं सोडलेला असतो. खडकवासला आधीच रिकामं ठेवलं की पूर येणारच नाही. पानशेत फुटलं ते ढगफुटीमुळे. आणि शेवटी दिलासा: नदीपासून लांब राहणाऱ्यांनी काळजी करू नये.

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत घातक आहे. पण क्रमानं घेऊ.

"ज्वालामुखीचं तोंड, बशीसारखा खड्डा." पुण्याखालचा दगड लाव्हाचाच आहे, एवढं खरं. पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर तोंड, असं इथे काही नव्हतं. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या कडेला उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. खालचा थर घट्ट, काळा, उभ्या भेगा पडलेला. वरचा भोकाभोकांचा, ठिसूळ, काही भोकांत पांढरे स्फटिक. त्यावर पुन्हा घट्ट थर. सगळे जवळजवळ आडवे. हेच थर नद्यांनी लाखो वर्षं कापत नेले आणि जे कापायचं राहिलं त्या आपल्या टेकड्या. पर्वती, वेताळ, तळजाई ही बशीची कड नाही, जुन्या पठाराचे उरलेले तुकडे आहेत.

बशी म्हणायला चारही बाजूंनी कड लागते. पुण्याला दक्षिणेला कात्रजचे डोंगर आणि सिंहगड-भुलेश्वरची रांग आहे, पश्चिमेला मावळचे डोंगर. पूर्वेला मात्र काहीच नाही. हडपसर, खराडी, पुढे दौंडपर्यंत जमीन उतरत आणि मोकळी होत जाते. मुळा-मुठा त्याच वाटेनं रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. खड्डा असता तर नदी बाहेर पडली नसती, तळं झालं असतं. हे खोरं आहे, एका बाजूनं उघडं. उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेकडून जो गार वारा सुटतो तो याच खोऱ्यांच्या वाटेनं आत येतो. तो आज गल्लीत पोचत नसेल तर त्याला अडवणारा डोंगर नवा नाही, इमारती नव्या आहेत.

थंडीत मात्र खोलगटपणाचा परिणाम खरोखर जाणवतो. रात्री टेकड्यांवरची गार, जड हवा उतारानं खाली येऊन सखल भागात साचते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाषाण किंवा एनडीएच्या मोकळ्या परिसरात आणि मगरपट्ट्यात एकाच पहाटे पाच-सहा अंशांचा फरक दिसतो. शहर एकच आणि आकडे दोन, म्हणून कुणाचं यंत्र खोटं ठरत नाही.

"पुण्यानं चाळिशी पाहिली नव्हती." ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्यात ४३.३ अंश सेल्सिअसची नोंद आहे. तेव्हा ना सिमेंटचे रस्ते होते ना गाड्या. दुसरं टोकही लक्षात ठेवावं: १७ जानेवारी १९३५ ला किमान तापमान १.७ अंश. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंची आणि सह्याद्रीच्या आडोशाला कोरडी हवा, यामुळे पुणं दोन्हीकडे ताणलं जातं. इथला सर्वांत तापणारा महिना मे नसून एप्रिल आहे, कारण मेमध्ये पश्चिमेची दमट हवा आणि ढग येऊ लागतात. एप्रिलची दुपार सरासरी ३८ अंशांच्या आसपास आणि पहाट विशीच्या जवळ. जुन्या माणसांना पंख्याविना झोप लागायची ती या पहाटेमुळे, दुपार थंड होती म्हणून नव्हे. बिघडली आहे ती रात्र. काँक्रीट आणि डांबर दिवसभर तापतं आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत बाहेर टाकत राहतं. तक्रार करायची तर तिची करावी.

गाडीच्या काचेवर ४५ दिसलं म्हणून फोटो टाकणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. वेधशाळेचा तापमापक सावलीत, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, मोकळ्या हवेत असतो. शिवाजीनगरच्या नोंदी अशा घेतल्या जातात. (भारतीय हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात.) गाडीचा सेन्सर इंजिनाच्या आणि तापलेल्या रस्त्याच्या शेजारी असतो. तो रस्त्याचं तापमान सांगतो, पुण्याचं नाही.

"शहरात पाऊस नसताना पूर, म्हणजे माणसानं सोडलेला." इथे पुण्याचा सगळा भूगोल विसरला जातो. शिवाजीनगरला वर्षाला सरासरी सव्वासातशे-साडेसातशे मिलीमीटर पाऊस पडतो. लोणावळ्याला चार हजारांच्या वर. घाटमाथ्याजवळच्या टेमघर धरणावर शहराच्या तीन-चार पट पाऊस होणं नेहमीचंच. घाटमाथ्यापासून शहर जेमतेम पन्नास किलोमीटर, पण ढग माथ्यावरच रिते होतात. आपण पर्जन्यछायेत राहतो आणि पाणी पिकतं मावळात. तेव्हा डेक्कनला ऊन आणि शेजारचा मुठेवरचा बुटका भिडे पूल पाण्याखाली, यात गूढ काही नाही. धरणं नसती तरी हेच झालं असतं. उलट, धरणं नसती तर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसालाच झालं असतं.

शिवाय पुण्यात एकटी मुठा नाही. मुळेवर मुळशी धरण आहे. ते टाटांचं, वीजनिर्मितीसाठी, आणि त्याचं पाणी एरवी घाटाखाली कोकणात भिऱ्याला उतरतं. ते भरलं की जादा पाणी बाणेर, औंध, सांगवीकडे येतं. पवना दापोडीला मुळेला मिळते. तिन्ही पाणी संगमावर एकत्र येतात. मुळा फुगलेली असली की मुठेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं. म्हणून खडकवासल्याचा विसर्ग फारसा नसतानाही संगम पुलाजवळच्या पाटील इस्टेटमध्ये पाणी शिरू शकतं. नुसता मुठेचा आकडा पाहून काठावरच्यांनी निर्धास्त राहू नये.

"खडकवासला आधीच रिकामं ठेवलं तर पूर येणार नाही." हा मुद्दा सर्वांत पटणारा वाटतो, म्हणून गणितच मांडू. मुठेच्या साखळीत चार धरणं: आंबी नदीवर पानशेत (१०.६५ टीएमसी), मोसे नदीवर वरसगाव (१२.८२), मुठेवर टेमघर (३.७१) आणि सर्वांच्या खाली खडकवासला (१.९७). बेरीज २९.१५. खडकवासल्याचा वाटा सात टक्क्यांहूनही कमी. वरच्या तिन्हींचं सोडलेलं पाणी, शिवाय त्यांच्या भिंतींच्या खाली पडलेला सगळा पाऊस, या लहान धरणात येतो. ते साठवणीचं मोठं भांडं नाही, वाटेतली घागर आहे.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ११,५७४ क्युसेक सलग चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतो. आता समजा खडकवासला तळापर्यंत कोरडं आहे आणि वरून ३५,००० क्युसेक येतंय. ते सोळा तासांच्या आत काठोकाठ भरेल. सतराव्या तासाला सांडव्यावर तेच ३५,००० क्युसेक असेल. आणि भरलेलं धरण आधी रिकामं करायचं तर? १०,००० क्युसेकनं सोडलं तरी जवळपास ५५ तास लागतात. सव्वादोन दिवस आधी एवढा नेमका अंदाज हाती हवा, आणि तो चुकला तर शहराच्या नळाचं आणि दौंड-इंदापूरच्या कालव्याचं पाणी गेलेलं असेल.

याचा अर्थ धरणाच्या व्यवस्थापनाला काही विचारूच नये असा नाही. धरण थोडं खाली ठेवल्यानं पुराचं टोक काही तासांनी पुढे ढकलता येतं आणि ते तास लाखमोलाचे असतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्यातून ३५,००० क्युसेकच्या वर विसर्ग होता, आणि त्याच चोवीस तासांत शिवाजीनगरलाही शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला होता. रात्री विसर्ग वाढवताना तळमजल्यावरच्या माणसाला कळलं का, किती वाजता कळलं, गाडी आणि म्हातारी माणसं हलवायला वेळ मिळाला का, हे प्रश्न अगदी रास्त आहेत आणि ते विचारत राहायला हवेत. त्याच्या जोडीला नदीच्या पात्राचाही प्रश्न आहे. काठाला राडारोडा टाकून भराव केला की तेवढंच पाणी अधिक उंचीवरून जातं. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण "२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा आला की पंचवीस वर्षं सुट्टी, असा नाही. दर वर्षी शंभरात चार शक्यता, एवढाच. घर घेताना दोन्ही रेषांचा नकाशा मागावा.

"पानशेत ढगफुटीमुळे फुटलं." नाही. आणि हे वाक्य पसरणं त्या पुरात गेलेल्यांवर अन्याय आहे. १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेत हे मातीचं धरण तेव्हा पूर्ण झालेलंच नव्हतं. त्याच पावसाळ्यात त्यात पहिल्यांदा पाणी साठवलं गेलं. भरावाखालून पाणी बाहेर नेणाऱ्या मोरीच्या बांधकामात लोखंडी सळ्यांचं काँक्रीट वापरलं नव्हतं, साधे काँक्रीटचे ठोकळे होते. दरवाजे वर-खाली करण्याची यंत्रणाही अपुरी. अर्धवट उघड्या दरवाज्यातून जोरानं पाणी गेलं की मोरीत हादरे बसतात, धक्के बसतात. मोरी कमकुवत झाली की तिच्यावरची माती खाली बसते. भराव बरोबर त्या जागी खचला आणि खचलेल्या जागेवरून पाणी गेलं. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की ते वाचत नाही. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते सकाळपर्यंत तरी धरून ठेवलं, म्हणून ते अंधारात फुटलं नाही. खालची खडकवासल्याची जुनी दगडी भिंत काही तास टिकली आणि दुपारी फुटली. पाऊस जोराचा होता, पण मावळातला जुलै असाच असतो. धरण त्यासाठीच बांधतात.

राहिला दिलासा: "नदीपासून लांब राहणाऱ्यांनी काळजी करू नये." २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस आंबिल ओढ्यातून सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीत घुसला. त्यात धरणाचा काहीही संबंध नव्हता. हा ओढा पूर्वी जुन्या गावाच्या पश्चिम अंगानं वाहायचा, नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो वळवला गेला. त्याच्या पाण्यावर पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. सारसबागेच्या गणपतीला तळ्यातला गणपती म्हणतात ते म्हणूनच. म्हणजे ओढा दांडगा आहे हे अडीचशे वर्षांपूर्वीही माहीत होतं. नागझरी, भैरोबा नाला, रामनदी यांचंही तेच.

ओढ्याचा पूर नदीसारखा चढत नाही, आदळतो. दहा चौरस किलोमीटरच्या डोंगरउतारावर तासाभरात ५० मिलीमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ७० टक्के पाणी लगेच वाहून आलं, तर ओढ्यात सुमारे ३,४०० क्युसेक होतात, तेही कुठल्याही सूचनेशिवाय. पुलाच्या मोरीत फांद्या, गाद्या, प्लॅस्टिक अडकलं की पाणी कठड्यावरून शेजारच्या सोसायटीकडे वळतं. तिथे सीमाभिंत असते. भिंतीमागे दीड मीटर पाणी साचलं की दर मीटर लांबीवर अकराशे किलोहून जास्त रेटा येतो. तेवढ्याच उंचीच्या नऊ इंची विटांच्या भिंतीचं वजन मीटरमागे साडेसहाशे किलोच्या आसपास. ती पडणारच, आणि पडते तेव्हा साचलेलं सगळं पाणी एकदम पलीकडच्या घरांवर जातं.

ओढ्याकाठच्या सोसायट्यांनी पावसाळ्याआधी पाहायच्या गोष्टी याच आहेत. ओढ्याला आडवी येणारी भिंत असेल तर खालचा भाग जाळीचा करावा, आणि जाळीचे गज मध्ये हाताची वीत मावेल इतके एकमेकांपासून दूर ठेवावेत, नाहीतर प्लॅस्टिकनं तीही भिंतच होते. बेसमेंटमधल्या विजेच्या पॅनेलची उंची तपासावी. रात्री जोराचा पाऊस लागला तर गाडी काढायला खाली उतरू नये. ओढ्याला चढायला वीस मिनिटं पुरतात आणि बेसमेंटच्या उतारावरून आत येणाऱ्या पाण्याच्या उलट दिशेनं वर चढता येत नाही.